वेळ कमी पण फुटबॉलचं वेड तेवढंच: आळीपाळीने खेळायच्या फुटबॉल गेम्सबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टर्न-बेस्ड फुटबॉल म्हणजे नक्की काय? फुटबॉल तर सतत पळायचा खेळ ना?

मैदानावर पळायचाच आहे, पण टीव्हीवर मॅच बघताना आपण काय करतो ते आठवा. बॉल मिडफिल्डरकडे आला की आपण ओरडतो, अरे उजवीकडे दे, तो मोकळा आहे! त्या क्षणाला आपल्या डोक्यात खेळ थांबलेला असतो आणि आपण पुढची चाल शोधत असतो. टर्न-बेस्ड गेममध्ये तो क्षण खरोखरच थांबतो, आधी तुमची चाल, मग समोरच्याची, आणि विचार करायला हवा तेवढा वेळ. बोटं किती फास्ट चालतात याला इथे काही किंमत नाही, आणि म्हणूनच दिवसभर दमलेल्या माणसाला हे गेम झेपतात.

ढोबळमानाने दोन जाती आहेत. एकीत मैदानावरची एकेक हालचाल आळीपाळीने होते, बुद्धिबळासारखी. दुसरीत अख्खी मॅच म्हणजेच एक टर्न, म्हणजे तुम्ही टीम लावून द्यायची, मॅच कॉम्प्युटर खेळवतो आणि मग पुढच्या मॅचची तयारी. ही दुसरी जात जुनी आहे, इंग्लंडच्या केविन टॉम्सने 1982 साली घरगुती कॉम्प्युटरसाठी फुटबॉल मॅनेजर नावाचा गेम काढला होता, आणि आज त्याच नावाने जी प्रसिद्ध सिरीज चालते ती वेगळ्या लोकांची आहे, त्यामुळे दोन्हीत गल्लत करू नका.

वेळ कमी असेल तर गेम निवडताना सगळ्यात आधी काय बघायचं?

एक मॅच किती मिनिटांची आहे हे सगळे विचारतात. मी म्हणते ते विचारूच नका. गेम तुमच्यासाठी थांबतो का, ते बघा.

माझी लेक लहान होती तेव्हा हे मला नीट कळलं. ती खांद्यावर झोपायची, मी एका हाताने फोन धरून खेळायचे, आणि ती कधी उठेल याचा काही नेम नसायचा. 6 मिनिटांची मॅच असलेला गेम होता माझ्याकडे, पण ती 6 मिनिटं सलग लागायची, मध्येच सोडलं की मॅच हरल्याची नोंद. आणि दुसरा एक गेम होता ज्याची मॅच पाऊण तासाची, पण कुठल्याही टर्नला फोन खाली ठेवा, दुसऱ्या दिवशी उघडा, बॉल तिथेच. महिन्याभरात पहिला गेम डिलीट झाला आणि दुसऱ्यात माझा अख्खा सीझन पूर्ण झाला. म्हणजे पाऊण तासाचा गेम जमला आणि 6 मिनिटांचा नाही जमला!

म्हणून कुठलाही गेम घेतला की पहिल्याच दिवशी एक टेस्ट करा. मॅच सुरू करा, बरोब्बर मध्यावर अ‍ॅप पूर्ण बंद करा आणि परत उघडा. बॉल जिथे होता तिथे सापडला तर गेम तुमच्या कामाचा, नाहीतर तो कितीही चांगला असला तरी रविवारसाठी ठेवा.

अगदी नवीन आहे, सुरुवात कशाने करू?

माझं उत्तर बरीच वर्षं तेच आहे, फुटबॉल, टॅक्टिक्स अँड ग्लोरी. युक्रेनच्या क्रिओटीमने बनवलेला गेम आहे, 2018 मध्ये पूर्ण स्वरूपात आला. मैदान चौकोनांत विभागलेलं, आणि तुमच्या टर्नला तुम्हाला 3 अ‍ॅक्शन मिळतात. पास, शॉट, पुढे सरकणं, समोरच्याला चकवणं, जे काही करायचं ते त्या तिनात बसवायचं.

ऐकायला सोपं वाटतं पण त्या 3 अ‍ॅक्शनमध्ये फुटबॉलचा सगळा जीव आहे. समजा तुमचा विंगर कडेला बॉल घेऊन उभा आहे. पहिली अ‍ॅक्शन डिफेंडरला चकवण्यात घालवली तर उरल्या दोन, एक पास आणि एक शॉट, म्हणजे स्ट्रायकर आधीपासून योग्य जागी उभा पाहिजे. तो उभा नसेल तर मागच्या टर्नला चूक झाली होती असं समजायचं! मग तुम्ही आपोआप एक टर्न पुढचा विचार करायला लागता, आणि खरी मॅच बघतानासुद्धा बॉलकडे न बघता मोकळ्या जागेकडे लक्ष जायला लागतं, माझं तरी तसं झालं. खेळाडूंचे मुख्य गुणही चारच आहेत, अचूकता, पासिंग, डिफेन्स आणि बॉल कंट्रोल, त्यामुळे आकड्यांचा डोंगर वाचावा लागत नाही. खालच्या लीगमधून सुरुवात करून क्लब वर न्यायचा, खेळाडू घ्यायचे विकायचे, हे सगळं त्यात आहेच.

मला सुट्टीच्या दिवशी सलग दोन तास मिळतात, तेव्हा काय खेळू?

ब्लड बोल. आधीच सांगते, हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही, अमेरिकन फुटबॉल आणि रग्बीच्या अंगाने जाणारा आहे आणि खेळाडू म्हणजे ऑर्क, एल्फ, बुटके वगैरे कल्पनेतल्या जमाती. जर्विस जॉन्सनने बनवलेला हा बोर्ड गेम गेम्स वर्कशॉपने 1986 साली आणला, आणि कॉम्प्युटरवर त्याचा तिसरा भाग 2023 मध्ये आला. पण आळीपाळीने खेळायचा स्पोर्ट्स गेम कसा असावा हे शिकायचं असेल तर याच्याकडे यावंच लागतं. बोर्ड 26 बाय 15 चौकोनांचा, प्रत्येकी 11 खेळाडू, आणि प्रत्येक हाफमध्ये प्रत्येकाला 8 टर्न.

ऑनलाइन माणसाविरुद्ध खेळताना मात्र प्रत्येक टर्नला घड्याळ असतं आणि मॅच बसून पूर्ण करावी लागते, मध्येच उठलात तर समोरच्याची संध्याकाळ वाया. जेवण, फोन, दारावरची बेल हे सगळं उरकल्याशिवाय सुरू करू नका ही माझी कळकळीची विनंती आहे. लीगमध्ये खेळणार असाल तर आधी विचारा की मॅचसाठी किती दिवस मिळतात. आठवडाभर मुदत असलेल्या लीगमध्ये दोघांच्या सोयीची वेळ ठरवता येते, माझ्यासारखीला तेच जमतं.

पण ब्लड बोलमध्ये सगळं फाशावरच असतं ना? मग डोकं कुठे लागतं?

हा प्रश्न मला फार आवडतो कारण इथेच लोक हे गेम अर्धवट सोडतात.

ब्लड बोलमध्ये नियम असा की तुमच्या टर्नला तुमचा प्रत्येक खेळाडू एकदा हलू शकतो, पण एखाद्याची महत्त्वाची कृती फसली, म्हणजे बॉल हातातून निसटला किंवा निसटून जाताना खेळाडू पडला, की तुमचा टर्न तिथेच संपला. उरलेले सगळे जागच्या जागी. आता हिशोब करा. 3 किंवा जास्त पडायला हवं अशा फाशाची शक्यता दोन-तृतीयांश, ऐकायला मस्त वाटतं. पण असे तीन फासे लागोपाठ जमायला हवे असतील तर शक्यता 27 पैकी 8, म्हणजे साधारण 30 टक्के! नवा खेळाडू बॉल उचलायला सगळ्यात आधी धावतो, फसतो, आणि बाकीचे 10 जण उघडे पडतात. मुरलेला खेळाडू आधी ज्यांना फासा टाकावाच लागत नाही अशांना हलवून घेतो, बॉलभोवती पिंजरा उभा करतो आणि धोक्याची चाल अगदी शेवटी ठेवतो. फासे दोघांना सारखेच मिळाले, पण एकाचं नुकसान दहापट झालं.

तेव्हा डोकं लागतं ते क्रम लावण्यात. सुरक्षित चाली आधी, रिस्की नंतर, आणि एखादी चाल फसली तरी आपण कुठल्या अवस्थेत असू हे चाल करायच्या आधी बघायचं. ही एक सवय लागली की यातला कुठलाही गेम तुम्हाला सोपा वाटायला लागेल, आणि नशीब नशीब म्हणत फोन आपटायची वेळ येणार नाही.

फुटबॉल मॅनेजर खूप वेळ खातो म्हणतात, खरं आहे का?

खरं आहे, पण आटोक्यात ठेवता येतो. या सिरीजची मुळं 1992 च्या चॅम्पियनशिप मॅनेजरमध्ये, कॉलियर बंधूंनी सुरू केलेली, आणि आजचं नाव मिळालं ते 2004 मध्ये. मधला फुटबॉल मॅनेजर 25 हा भाग फेब्रुवारी 2025 मध्ये रद्दच केला त्यांनी, आणि 26 चा भाग नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या इंजिनवर आला.

वेळ जातो तो मॅचमध्ये कमी आणि मॅचच्या मधल्या कामांत जास्त. पत्रकार परिषदा, ट्रेनिंगचं वेळापत्रक, ज्युनिअर टीम, यातलं बरंचसं असिस्टंटवर सोपवता येतं आणि बिनधास्त सोपवा, त्यात कमीपणा काही नाही, खरे मॅनेजरसुद्धा हेच करतात. स्वतःकडे ठेवायचं ते टीम लावणं, डावपेच आणि खेळाडूंची खरेदी-विक्री. मॅच फक्त ठळक क्षणांवर बघा. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, चालू मॅचमध्ये सेव्ह करता येत नाही. म्हणून मी उठायच्या आधी नेहमी मॅचच्या आदल्या दिवसावर येऊन थांबते, टीम लावून ठेवते, सेव्ह करते. पुढच्या वेळी उघडलं की थेट मॅचच, आणि 20 मिनिटांत काहीतरी घडल्याचं समाधान मिळतं. मॅच संपल्यावर सेव्ह करून उठलं की पुढच्या वेळी नुसत्या ईमेल वाचण्यातच वेळ जातो, करून बघा, फरक कळेल.

मोबाइलवरची आवृत्ती जास्त सुटसुटीत आहे, नेटफ्लिक्सचं सबस्क्रिप्शन असेल तर तिथून मिळते, आणि नोकरी-घर सांभाळणाऱ्याला मी तीच सुचवेन.

मला तर आठवड्यातून दोनदाच लॉगिन करता येतं. त्यात काही बसेल का?

हॅट्रिक. स्वीडनमध्ये 1997 साली सुरू झालेला, ब्राउझरमध्ये चालणारा, आणि अजून चालू आहे. 8 टीमची लीग, 14 सामने, आणि सगळा सीझन 16 आठवड्यांचा. लीगची मॅच आठवड्याला एक, मधल्या वारी कप किंवा मैत्रीपूर्ण सामना, ट्रेनिंगचा परिणामही आठवड्यातून एकदाच. टीम आधीच लावून ठेवता येते, अमुक मिनिटाला मागे असू तर याला काढून त्याला आणा अशा सूचनासुद्धा देऊन ठेवता येतात, मग मॅच चालू असताना तुम्ही मीटिंगमध्ये असा नाहीतर प्रवासात.

याची गती नवीन माणसाला फार हळू वाटते हे मला मान्य आहे. खेळाडूचं एक वर्ष म्हणजे आपले 112 दिवस, त्यामुळे 17 वर्षांचा पोरगा घडवायचा म्हणजे तुमच्या आयुष्यातले महिनोन्‌महिने. पण तोच तर त्याचा गोडवा आहे, तुम्ही घर बदलता, नोकरी बदलता आणि तो पोरगा तुमच्याबरोबर मोठा होत असतो. एकच ठिकाण आहे जिथे घड्याळ आडवं येतं, खेळाडूंचा लिलाव. तो 3 दिवस चालतो आणि शेवटच्या क्षणी कोणी बोली लावली की वेळ 3 मिनिटांनी वाढते, मग ते लांबतच जातं. संपायची वेळ आधीच दिसत असते, तेव्हा जे लिलाव तुमच्या मोकळ्या वेळेत संपतात तेवढ्याच खेळाडूंकडे बघा, बाकीचे कितीही चांगले असोत.

रोज थोडं हवं असेल तर ऑनलाइन सॉकर मॅनेजर आहे, दिवसाला एक मॅच, सकाळी निकाल बघायचा आणि रात्री टीम लावायची.

फँटसी लीग यात धरायची का?

मी धरते. सगळे खऱ्या खेळाडूंमधून आपापली टीम निवडतात, एकाच वेळी चाल लपवून खेळतात आणि मग खऱ्या मॅच निकाल लावतात, म्हणजे आठवड्याला एक टर्नच झाला की. इंग्लिश प्रीमियर लीगच्या अधिकृत फँटसीमध्ये 15 खेळाडू, 100 मिलियनचं काल्पनिक बजेट, एका क्लबचे जास्तीत जास्त 3, आणि सीझनभरात 38 फेऱ्या. डेडलाइन फेरीतल्या पहिल्या मॅचच्या 90 मिनिटं आधी. दर फेरीला एक बदल फुकट, त्यावर प्रत्येक बदलाचे 4 पॉइंट कापतात.

बिझी माणसासाठी चांगली बातमी अशी की न वापरलेले बदल साठवता येतात, 2024-25 पासून पाचपर्यंत. म्हणजे दोन आठवडे कामात गेले तरी बिघडत नाही, उलट नंतर एकदम टीम पालटता येते. फक्त कॅप्टन दुखापतीत नाही ना तेवढं बघा कारण त्याचे पॉइंट दुप्पट होतात, तो आणि व्हाइस कॅप्टन दोघंही बाहेर असतील तर ती फेरी हातची गेली.

फक्त फोन, एक हात आणि 5 मिनिटं. आहे काही?

न्यू स्टार सॉकर. सायमन रीडचा गेम, 2012 मध्ये मोबाइलवर आला आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या बाफ्टाचा स्पोर्ट्स गेमचा पुरस्कार घेऊन गेला, तोही मोठमोठ्या नावांना मागे टाकून. यात तुम्ही एकच खेळाडू असता. मॅच मजकुरात सरकत राहते आणि तुमची संधी आली की चित्र थांबतं. बोटाने दिशा आणि जोर ओढायचा, मग बॉलवर कुठे पाय लागणार तिथे टॅप करायचं. अंगठ्याने होतं सगळं. अमेरिकन फुटबॉल चालत असेल तर त्याच लोकांचा 2020 चा रेट्रो बोल बघा, त्यात तुम्ही फक्त अ‍ॅटॅक खेळता, डिफेन्सचं गेम स्वतःच उरकतो, त्यामुळे मॅच पटकन संपते.

एनर्जी संपली, 4 तासांनी या असं सांगणारे गेम बिझी माणसासाठी चांगलेच ना?

नाही. मलाही आधी तसंच वाटायचं, की चला, मर्यादा आपोआप पडतेय. पण असा गेम तुमच्या वेळेप्रमाणे चालत नाही, तुम्हाला त्याच्या वेळेप्रमाणे चालवतो. मी असाच एक गेम चार महिने खेळले, नाव घेत नाही. एनर्जी भरली की नोटिफिकेशन यायचं, वापरली नाही तर वाया जाणार म्हणून मी स्वयंपाक करताना, गाडीची वाट बघताना, एकदा तर रात्री तीनला उठून ट्रेनिंग लावलं होतं. टर्न-बेस्ड म्हणवतो आणि तुमच्यासाठी थांबत मात्र नाही, उशीर झाला की दंड लावतो. मोकळ्या वेळेत खेळायला बसलं की मात्र एनर्जी शून्य! असे गेम ओळखायचे कसे, तर आठवडाभर उघडला नाही तर तुमची टीम होती त्यापेक्षा मागे जाते का ते बघा. जात असेल तर मी तरी लांबच राहीन.

एका वेळी किती गेम चालू ठेवावेत?

एक थांबणारा आणि एक आठवड्याचा. बास. तिसरा आला की पहिला सुटतोच.

दहा-बारा दिवसांनी उघडला की काय करत होतो तेच आठवत नाही, मग परत पहिल्यापासून सुरू करावंसं वाटतं.

सुरू करू नका! फोनमध्ये गेमच्या नावाने एक नोट करा आणि बंद करताना एकच ओळ लिहा, पुढच्या वेळी काय करायचं ती. काय झालं ते लिहायचं नाही, ते गेममध्ये दिसतंच. माझ्या नोटमधली परवाची ओळ अशी आहे, डावा बॅक दमलाय, पुढच्या मॅचला बसव, 9 नंबरला विकू नकोस. वाचलं की दहा सेकंदात मी परत त्या क्लबमध्ये.

स्क्रीन नकोच असेल तर? कागदावर काही?

आहे की, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर तोच. चौकटीच्या वहीवर 8 चौकोन रुंद आणि 10 चौकोन लांब मैदान आखा, दोन्ही टोकांना मधोमध 2 चौकोनांचा गोल. बॉल मध्यबिंदूवर. आपल्या टर्नला बॉलपासून शेजारच्या आठपैकी एका बिंदूपर्यंत रेघ ओढायची, ओढलेल्या रेघेवरून परत जायचं नाही आणि मैदानाच्या कडेवरून सरपटायचं नाही. बॉल जर आधी रेघ लागलेल्या बिंदूवर किंवा कडेवर पोहोचला तर तो उसळतो, म्हणजे लगेच अजून एक चाल तुमचीच. सुरुवातीला मैदान मोकळं असल्याने काहीच घडत नाही, पण रेघांचं जाळं वाढलं की एका टर्नमध्ये पाच-सहा उसळ्या घेत बॉल अख्खं मैदान पार करतो. गोल झाला की जिंकलात, आणि अडकून पडलात, जायला वाटच उरली नाही, तर हरलात.

अजून खोल जायचं असेल तर गणितज्ञ जॉन कॉनवे यांचा फुटबॉल आहे, 15 बाय 19 बिंदूंच्या बोर्डावर, त्यात खेळाडू कोणाचेच नसतात, दोघंही तेच वापरतात. टर्नला एकतर नवीन खेळाडू ठेवा नाहीतर बॉलने त्यांच्यावरून उड्या मारा, ज्यांच्यावरून उडी मारली ते उचलायचे. पण आधी कागदाचा शिका.

आणि हा लांब राहणाऱ्या माणसाबरोबरही खेळता येतो. माझ्या दादाची नाइट शिफ्ट असते, माझा दिवस सुरू होतो तेव्हा तो झोपतो, बोलणं होतच नाही. आम्ही दोघांनी एकसारखे कागद आखलेत, त्याचा गोल वर, माझा खाली, आणि दिशा फोनच्या डायलवरच्या आकड्यांनी सांगतो. 5 म्हणजे बॉल, 2 म्हणजे वर, 8 खाली, 6 उजवीकडे, 3 म्हणजे वर-उजवीकडे तिरकं. दिवसाला एक-दोन मेसेज, बाकी काही नाही. मागची मॅच 11 दिवस चालली. बाराव्या दिवशी सकाळी उठले तर त्याचा मेसेज, 9 8 7 1 8 7. चहा बाजूला ठेवून पेन्सिल घेतली. 9, जुन्या बिंदूवर उसळला. 8, परत उसळला. 7, माझ्या गोलशेजारच्या कडेवर आपटला. 1, मागे आला, तिथेही माझीच जुनी रेघ. 8, सरळ गोलपोस्टला. आणि 7, तिरका आत.

खाली त्याने लिहिलं होतं, हरली ती आधी, चल, नवीन कागद आख. मी आखला आणि 9 नाही, 8 नाही, सरळ वर, 2 पाठवून ऑफिसला निघाले.